कादंबरीची फलश्रुती

त्या कादंबरीचं नाव मी सांगणार नाही. तिची जाहिरात तेव्हा पुष्कळ झाली, आणि लेखकमहाशयांना माझ्या मदतीची गरज नाही. पुण्या-मुंबईच्या मासिकांनी तिला डोक्यावर घेतलं होतं. कॉलेजातल्या मुली ती उशीखाली ठेवून झोपतात, असं एकाने लिहिलं. तरुण प्रेमाचं इतकं निर्मळ चित्र मराठीत आजवर झालंच नव्हतं, असं दुसऱ्याने. मिठाच्या सत्याग्रहाच्या आदल्या वर्षी ती अलिबागच्या वाचनालयात आली आणि नागावच्या शाळेचे शिवदास मास्तर ती आपल्या बायकोसाठी घरी घेऊन आले. मास्तरांना स्वतःला कादंबऱ्यांचं वावडं होतं. पण घरात मूलबाळ नव्हतं, बायकोचा वेळ जावा, एवढाच त्यांचा हेतू होता.

वेणूबाईंनी ती स्वयंपाक करता करता वाचली. रडू आलं तर चुलीच्या धुरावर घालता येतं, एवढी एक सोय बायकांना आहे. कादंबरीत लतिका नावाची मुलगी होती आणि शेजारच्या माडीवर एक विद्यार्थी. गच्ची होती, चांदणं होतं, कविता होत्या. तो बॅरिस्टर व्हायला विलायतेला जातो, इकडे तिचे वडील तिला एका बिजवराच्या गळ्यात बांधायला निघतात. लतिका भर मांडवात हातातली माळ खाली ठेवते आणि सांगते की मी वाट पाहणार आहे. वडिलांना रडू कोसळतं. बिजवर तिच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतो आणि तीर्थयात्रेला निघून जातो. शेवटी विद्यार्थी बोटीतून उतरतो आणि लतिका धक्क्यावर उभी असते.

वेणूबाईंना ती फार आवडली, आणि आवडली याचा जरा रागही आला. त्यांचं लग्न झालं तेव्हा त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तरी नाव घ्यावं असा कोणी शेजारच्या माडीवर नव्हता. मास्तर वाईट नव्हते. वेळेवर जेवत, वेळेवर तपकीर ओढत आणि कधी हात उचलत नसत. लतिकेची गोष्ट वाचताना मात्र आपल्याला पंगतीत पानच वाढलं गेलं नाही असं वेणूबाईंना वाटे. दुसऱ्यांदा वाचताना त्यांना शंकाही यायला लागल्या. त्या बिजवराला दोन पोरं होती, असं चौथ्या प्रकरणात म्हटलं होतं. बाप तीर्थयात्रेला गेल्यावर त्यांना भात कोणी घातला? लतिकेची आई सबंध पुस्तकभर स्वयंपाकघरात होती, तिला शेवटी एक ओळसुद्धा नव्हती. हे मास्तरांना बोलून दाखवावं तर ते म्हणाले असते, तरी मी सांगत होतो. म्हणून त्यांनी शंका मनात ठेवल्या आणि पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून उघडलं.

नागावात आवडाबाईंची वाडी मोठी. नवरा गेल्यावर नारळी-पोफळी त्यांनी एकटीच्या जिवावर राखल्या होत्या, आणि गावातले पुरुषसुद्धा त्यांच्याशी बोलताना आवाज खाली ठेवत. माघ लागला की वाळलेली सुपारी सोलायला आळीतल्या बायका त्यांच्या अंगणात, नारळाच्या झापांच्या मांडवाखाली जमत. समोर विळीसारखं उभं पातं, बाजूला सुपारीचा ढीग. कान रिकामे राहिले की तोंडं चालतात, आणि तोंड चाललं की पातं बोटावर येतं, असं आवडाबाईंचं मत होतं. म्हणून चातुर्मासातल्यासारखी सुपारीच्या दिवसांतही त्या पोथी लावत, आणि पोथी वाचायला मास्तरीणबाय.

पोथी वाचणारीचा मान काय असतो तो वाचणारीलाच ठाऊक. वेणूबाई पाटावर, समोर चौरंगावर पोथी, तिच्यावर हळदकुंकू, बाजूला समई. वाचून झालं की एकेक बाई येऊन त्यांच्या पाया पडे. दोन पावसाळे जास्त पाहिलेल्या आवडाबाईसुद्धा वाकत. गावात बारसं असलं, ओटी भरायची असली की मूल नसलेल्या मास्तरीणबाईंना कोणी पुढे बोलवत नसे. ती सगळी कसर या पाटावर भरून निघे.

त्या वर्षी गावातल्या पोथ्या वाचून झाल्या होत्या. वेणूबाई कादंबरी घेऊन गेल्या. कुठली पोथी, असं आवडाबाईंनी विचारलं, तेव्हा नवीन आहे, पुण्याहून आलीय, एवढंच त्या बोलल्या. ही नुसती रचलेली गोष्ट आहे, असं सांगायचं होतं. पण तोवर आवडाबाईंनी पुस्तक कपाळाला लावलं, चौरंगावर ठेवलं, आणि त्याच्या पुठ्ठ्यावर हळदीकुंकवाची बोटं उमटवली. वाचनालयाच्या पुस्तकावर! वेणूबाईंना हसू आलं, मग धास्ती वाटली, आणि मग वाटलं, उद्या सांगू. उद्या मांडवात दुप्पट बायका होत्या, आणि तो उद्या काही उजाडला नाही.

अशी पोथी बायकांनी कधी ऐकली नव्हती. राक्षस नाही, शाप नाही, तरी जीव टांगणीला. लतिकेच्या बापाला मनुबाई मोठ्याने शिव्या देई. ही मनुबाई आळीतली सगळ्यात तोंडाळ, पण माळ खाली ठेवण्याच्या प्रसंगी तीही गप्प झाली आणि तिच्या पुढ्यातली सुपारी तशीच राहिली. विलायत कुठे आली, असं एकीने विचारलं, तर मुंबईच्या पलीकडे, असं दुसरीने परस्पर सांगून टाकलं. वेणूबाई रंगून वाचत. आवडत नव्हतं ते गाळतही. बिजवराची पोरं त्यांनी चौथ्या प्रकरणातून काढूनच टाकली, म्हणजे शेवटी कोणी विचारायला नको.

एकच पोरगी काही बोलत नसे. केसर. आवडाबाईंच्या मेलेल्या भावाची मुलगी, आत्याकडेच वाढलेली. हाताची चलाख, पण त्या दिवसांत तिचा सोललेल्या सुपारीचा ढीग सगळ्यांत लहान असे. त्याचं कारण मांडवात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी बोलत नव्हतं. वाडीत पोफळीवर चढणारा अनंता मागच्या पावसाळ्यानंतर सिराजुद्दीन नाखव्याच्या गलबतावर खलाशी म्हणून गेला होता. गलबत मलबारच्या किनाऱ्याने कौलं घेऊन येई-जाई. परत आल्यावर आत्याशी लग्नाचं बोलतो, असं तो जाण्याआधी केसरला विहिरीवर म्हणाला होता. विहिरीवर बोललेलं सगळ्या आळीला ऐकू जातं. आवडाबाईंनीही ते ऐकलं होतं आणि थळ गावच्या मोरूशी तिच्या लग्नाची बोलणी सुरू केली होती. मोरूची बायको बाळंतपणात गेलेली, घरी एक लहान मुलगी, दाराशी बैलगाडी, थोडी वाडी. स्थळ वाईट नव्हतं. मी तर म्हणेन चांगलं होतं, पण माझं मत विचारलंय कोणी.

फाल्गुनात कादंबरी संपली. विद्यार्थी बोटीतून उतरला, लतिका धक्क्यावर उभी राहिली, आणि मांडवात डोळे न पुसणारी बाई उरली नाही. आवडाबाईंनी चौरंगासमोर नारळ ठेवला, हात जोडले आणि म्हणाल्या, “आता फळ वाचा.”

पोथी म्हटली की शेवटी फलश्रुती आलीच. ऐकणाऱ्याला काय मिळेल, निपुत्रिकाला काय, रोग्याला काय, हे शेवटच्या पानावर लिहिलेलं असतं. त्याशिवाय पोथी पुरी होत नाही, ऐकल्याचं पुण्य पदरात पडत नाही. सगळ्या बायका पाती सोडून हात जोडून बसल्या होत्या. वेणूबाईंनी शेवटचं पान उलटलं. त्यावर छापखान्याचं नाव आणि पत्ता होता.

याला फळ नसतं, एवढे तीन शब्द बोलायचे होते. पण सगळे डोळे त्यांच्याकडे होते, आणि लतिका अजून धक्क्यावर उभी होती. छापखान्याच्या पत्त्यावर नजर ठेवून वेणूबाई पोथीच्या सुरात म्हणाल्या, “जी कुमारी ही कथा भावभक्तीने ऐकेल, आणि मनातला पुरुष मनात धरून वाट पाहील, तिला तोच लाभेल. वाट पाहणारीला कोणी मोडता घालू नये. घालील त्याच्या घराला सुख नाही.”

हे शेवटचं वाक्य तोंडातून कसं निघालं हे त्यांना स्वतःलाही कळलं नाही. पोथ्या वाचून वाचून जिभेला वळण पडलेलं असतं. बायकांनी कपाळं जमिनीला टेकली. केसर बसल्या जागेवरून उठून चौरंगापाशी आली, पुस्तकावरचं कुंकू बोटाने घेऊन तिने आपल्या कपाळाला लावलं आणि मास्तरीणबाईंच्या पायांवर डोकं ठेवलं. घरी जाताना वेणूबाई वाटेत हसत होत्या. एवढी गंमत त्यांच्या आयुष्यात कधी झाली नव्हती.

होळी झाली आणि मोरू चार माणसं घेऊन साखरपुड्याचं ठरवायला आला. सोबत मुलगीही आणली होती. ती आल्या आल्या केसरच्या पदराचं टोक धरून बसली. केसर पानसुपारीचं तबक घेऊन बाहेर आली, पाहुण्यांच्या पुढे ठेवलं आणि सरळ उभी राहिली. अगदी लतिका. “मी पोथीचं फळ घेतलंय,” ती म्हणाली. “माझं वाट बघायचं ठरलंय.”

कादंबरीत अशा वेळी वीज कडाडते. इथे सगळ्यांनी आवडाबाईंकडे पाहिलं, आणि जिच्यापुढे गाव आवाज खाली ठेवत असे ती बाई खाली मान घालून बसली. फळ तिने स्वतःच मागितलं होतं. मोरूने पागोटं हातात घेऊन फिरवलं. पोथीच्या आड आपण कसं यायचं, असं तो हळूच म्हणाला, पण ज्येष्ठापर्यंत मी दुसरीकडे बघत नाही, हेही सांगून ठेवलं. मुलीच्या मुठीतून केसरचा पदर सोडवायला त्याला बराच वेळ लागला.

मनुबाईने ही हकीकत तिखटमीठ लावून वेणूबाईंना सांगितली, आणि वेणूबाईंचं हसू गेलं. कादंबरीतून आपण गाळलेलं पोर थळहून चालत आलं आणि पदर धरून बसलं, असं त्यांना वाटलं. त्यांनी रात्री जेवण केलं नाही. पोटाचं निमित्त सांगितलं.

दुसऱ्या दिवशी आवडाबाई स्वतः मास्तरांच्या शाळेमागच्या घरी आल्या. एरवी त्या कोणाच्या दारात जात नसत. ओटीवर न बसता आत येऊन चुलीपाशी बसल्या.

“मास्तरीणबाय, पोथीला उतारा असतो,” त्या म्हणाल्या. “या फळाला कायतरी उतारा सांगा. ब्राह्मण जेवू घालीन, नारळ वाहीन, म्हणाल ते करीन. पोरगी माझ्या जिवावर हाय. तिला घर मिळायला हवं. पण मोडता घातला तर घराला सुख न्हाय, असं तुमीच वाचलंत.”

आता सांगायला हवं होतं. शब्द ओठांवर आले होते. पण सांगितलं तर काय होणार, हेही वेणूबाईंना स्वच्छ दिसत होतं. आठवडाभरात केसर थळला जाणार, आणि कदाचित अनंता महिनाभराने गलबतातून उतरणार, आणि धक्क्यावर कोणी नसणार. लतिकेचं लग्न आपण मोडायचं? आणि पाटाचं काय? खोटी पोथी वाचणारीला पुन्हा पाटावर कोण बसवणार? पोरीची काळजी किती आणि पाटाची किती, हे त्यांना वेगळं काढता येईना, आणि लाज वाटत होती ती त्याचीच.

“गलबत येईपर्यंत थांबून बघू,” त्या म्हणाल्या.

आवडाबाई उठल्या. जाताना वाकून पाया पडल्या. फळ मिळेपर्यंत पोथी मांडवातच राहू दे, असंही सांगून गेल्या. त्यांच्या डोक्यावर हात ठेवताना वेणूबाईंना आपला हात परक्याचा वाटला.

चैत्रात अलिबागच्या वाचनालयात त्या कादंबरीवर सभा भरली. पुस्तक परत येत नाही म्हणून वाचनालयाचे निरोप मास्तरांना येत होते, त्यामुळे ते दबकत दबकतच बायकोला बैलांच्या दमणीतून घेऊन गेले. पण सभेत वेगळंच झालं. अध्यक्ष एक वकील होते. त्यांनी सांगितलं की नागावसारख्या खेड्यातसुद्धा हे पुस्तक लोक हातातून सोडायला तयार नाहीत, आणि सगळ्यांनी मास्तरांकडे वळून टाळ्या वाजवल्या. मास्तरांनी मान लववली. मग वकीलसाहेब म्हणाले की या कथेने आमच्या मुलींच्या हाती धैर्य दिलं आहे. आपल्या मुलीचं लग्न त्यांनी गेल्याच वर्षी, पत्रिका जुळवून, तेराव्या वर्षी लावून दिलं होतं, हे मास्तर परतताना दमणीत म्हणाले.

वेणूबाई बायकांच्या बाजूला, पडद्यालगत बसल्या होत्या. भाषण ऐकताना त्यांना बरं वाटलं, हे कबूल केलं पाहिजे. एवढे शिकलेले लोक म्हणतात, तर खरंच असेल, आपण वाईट काही केलं नसेल, धैर्यच दिलं असेल. शंका होत्याच. माळ खाली ठेवल्यावर लतिका त्या रात्री जेवली का, तिच्याशी घरात कोण बोललं, विलायतेहून तो आलाच नसता तर पुस्तक किती पानांचं झालं असतं? हे उठून विचारावं, असं त्यांना वाटलं. पण बायकांनी प्रश्न विचारायची तिथे पद्धत नव्हती. सगळ्यांबरोबर त्यांनीही टाळ्या वाजवल्या, आणि सभेतून उसनं आणलेलं बरं वाटणं नागावच्या वेशीपर्यंत टिकलं.

मांडवात पुस्तक चौरंगावर होतं. केसर रोज त्याच्यापुढे समई लावी. अंगाने उतरली होती, पण चेहऱ्यावर असं काही समाधान की वेणूबाईंना तिच्याकडे पाहवेना. रोज कोणीतरी पुस्तकावर कुंकू वाही. पुठ्ठ्यावरचं कादंबरीचं नाव त्याखाली केव्हाच दिसेनासं झालं होतं.

वैशाख सरत आला आणि सिराजुद्दीन नाखव्याचं गलबत रेवदंड्याच्या खाडीत लागलं. पावसाच्या आधीची शेवटची खेप. आता गलबत ओढून वर घेणार, खलाशी घरोघरी जाणार. दुसऱ्या दिवशी खलाशी नागावातून गेले, त्यांत अनंता नव्हता. आवडाबाईंनी नाखव्याला बोलावणं धाडलं. म्हातारा, पांढऱ्या दाढीचा, मानाने बोलणारा माणूस. मांडवाबाहेर उभा राहिला, आत आला नाही. केसर खांबाशी होती. वेणूबाईही होत्या, त्या दिवसभर तिथून हलल्या नव्हत्या.

“पोरगा जिता हाय, खुशाल हाय,” नाखवा म्हणाला. “पण तो मलबारातच उतरला, बाय. काथ्याच्या वखारीत काम करतो. तिकडं त्यानं घर केलंय, बायको केलीय. माझ्या हाती निरोप पण न्हाय दिला. मी पुसलं त्याला, तर खाली बघत ऱ्हायला.”

मनुबाईने तोंडाला पदर लावला. सगळ्यांनी केसरकडे पाहिलं. ती रडली नाही. खांबापासून निघाली, समईची वात सारखी केली आणि आपल्या पात्यापुढे बसून सुपारी सोलायला लागली. आवडाबाईंनी रडत रडत तिला मोरूचं विचारलं, तर ती शांतपणे म्हणाली की फळ आहे, खोटं कसं होईल, वाट बघेन. उद्याही तेच आणि परवाही तेच. ज्येष्ठ तोंडावर आला होता. आत्याला तर बोलायची सोयच नव्हती, तिने मोडता घातला तर घर बसतं.

वेणूबाईंना आता झोप लागेना. अनंता येणार नव्हता, कदाचित कधीच येणार नव्हता, आणि पोरगी बसून राहणार होती. पुढल्या साली बसणार, त्याच्या पुढल्या साली बसणार. लतिका पुस्तकातून उठून बोटीवरच्या माणसाबरोबर निघून गेली आणि आपल्या जागी केसरला बसवून गेली. नाही, लतिकेने नाही, आपण बसवली. लेखकाने निदान शेवटच्या पानावर छापखान्याचा पत्ता दिला होता. त्यापुढचं खोटं आपलं. वेणूबाईंनी हे मास्तरांना सांगितलं नाही. सकाळी आंघोळ केली, पोथीला नेसतात तेच धुवट लुगडं नेसल्या आणि मांडवात गेल्या.

सुपारीचा शेवटचा ढीग चालला होता. आवडाबाईंनी पाट मांडला. वेणूबाई पाटावर बसल्या नाहीत. चौरंगाशेजारी खाली जमिनीवर बसल्या, आणि बायकांची पाती एकेक करून थांबली.

“मला सांगायचंय,” त्या म्हणाल्या. “मी वाचलं ते फळ पुस्तकात नाही. शेवटच्या पानावर छापखान्याचा पत्ता आहे. फळ माझ्या मनाचं होतं. तुम्ही हात जोडलेत आणि मला नाही म्हणवेना, म्हणून बोलले. त्यात काही खरं नाही. मोडता घालण्याचं तर मुळीच खरं नाही.”

आवडाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. “मी तुमच्या पाया पडत आले,” त्या म्हणाल्या. “चुलीपाशी आले, तवा पण पडले.”

“हो,” वेणूबाई म्हणाल्या. त्यांना वाटलं होतं, सांगितल्यावर छातीवरचं उतरेल. काही उतरलं नाही.

केसरने हातातली सुपारी खाली ठेवली. तिचा चेहरा गोंधळलेला होता, हिशेब चुकलेल्या मुलीसारखा.

“फळ ऱ्हाऊ दे,” ती म्हणाली. “पण लतिकेचं तरी खरं ना? ती तर थांबली व्हती. तिचा आला.”

वेणूबाईंना प्रश्न आधी कळलाच नाही. मग कळला. इतके महिने मांडवातल्या सगळ्या बायका लतिकेची कथा सीतेची ऐकावी तशी ऐकत होत्या. कुठेतरी, पुण्याकडे, ती होऊन गेली होती. गच्ची खरी होती, माळ खरी होती, धक्का खरा होता. मुळात ही गोष्ट आहे, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. सांगणार कोण होतं?

“लतिका कोणी नव्हती, केसर,” त्या म्हणाल्या. “एका माणसाने बसून लिहिली.”

“नव्हतीच?”

“नव्हतीच.”

तेव्हा केसर रडली. अनंता परतणार नसल्याचं ऐकून जी रडली नव्हती, ती गुडघ्यांत तोंड घालून मोठमोठ्याने रडली. मनुबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. अंगणातल्या इतर बायकाही डोळे पुसत होत्या, आपल्या घरातलं कोणी गेल्यासारख्या. वेणूबाईंनी केसरकडे हात केला होता, तो तसाच मागे घेतला.

बऱ्याच वेळाने केसर उठली. “अनंताचं मला त्याच दिवशी उमगलं व्हतं,” ती आत्याला म्हणाली. “तो यायचा न्हाय. पण लतिका बसली, तर मला का बसता येणार न्हाय, असं वाटायचं. तिच्या भरवशावर बसले व्हते. आता कोणासाठी बसू? थळला सांगावा धाडा.”

मग ती चौरंगापाशी आली. पुस्तक उचललं आणि त्याच्या पुठ्ठ्यावरचं हळदकुंकू पदराने पुसायला लागली. खूप घासलं. वरचा थर निघाला, नाव पुन्हा दिसायला लागलं, पण लाल-पिवळा डाग काही गेला नाही. तिने पुस्तक वेणूबाईंच्या हातात दिलं.

“आदी सांगायचं व्हतंत, मास्तरीणबाय,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. “आमी गोष्टीसारकी ऐकली असती. गोष्ट चांगली व्हती.”

ती जाऊन आपल्या पात्यापुढे बसली. हळूहळू बाकीच्याही सोलायला लागल्या. आवडाबाईंनी पाट उचलून भिंतीला टेकवून ठेवला. वेणूबाई पुस्तक छातीशी धरून मांडवात उभ्या होत्या, आणि बसा असंही त्यांना कोणी म्हणेना, जा असंही कोणी म्हणेना.